पायऱ्या एकसारख्या का होत नाहीत?

दिवाळीच्या संध्याकाळी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक पणती ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. पणतीचा उजेड वरून पडत नाही. तो बाजूने, पायरीला जवळजवळ टेकून पसरतो. दिवसा सपाट वाटणारी पायरी त्या उजेडात वेगळीच दिसते. थापीचे फटकारे, मधला खोलगटपणा, कडेचा उंचवटा, आदल्या दिवशीचा माल संपून दुसऱ्या दिवशीचा जिथे सुरू झाला ती रेघ, हे सगळे सावलीसकट उठून दिसते. जाणकार मिस्त्री काम तपासताना बॅटरी जमिनीलगत आडवी धरतो, त्यामागचे कारण हेच.

आमच्या चाकूरच्या घराचा जिना २०१६च्या उन्हाळ्यात झाला. त्या एप्रिलमध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि आमच्या गल्लीतही टँकरची वाट पाहिली जात होती. घरात लग्न होते. ‘पंधरा दिवसांत जिना संपवा’ असा आमचाच धोशा होता. लाल कोब्याच्या पायऱ्या आणि कडेला मोझॅकची पट्टी, असा हौसेचा बेत. लग्नात जिना चकचकीत दिसला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पश्चिमेकडच्या पायऱ्या फिक्या पडल्या, हात फिरवला की लाल पूड बोटांना येऊ लागली, आणि सगळ्यात वरचा टप्पा इतरांपेक्षा उंच आहे हे प्रत्येक पाहुणा ठेच लागल्यावर सांगू लागला. आईचा पाय आजही तिथे अडतो.

दोष मिस्त्रीचा, सिमेंटचा की पाण्याचा, हे शोधताना मानके वाचली, चार जिने मोजले, गवंड्यांशी बोललो. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. पायरीचा एकसारखेपणा शेवटच्या थापीने किंवा पॉलिशने येत नाही. तो त्याआधी तीन ठिकाणी ठरतो : मापात, मालातल्या पाण्यात आणि मालावरच्या पाण्यात.

भिंतीच्या पोटातून उन्हात

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत माळवदावर जायचा जिना दगडी असे आणि पुष्कळदा जाड भिंतीच्या पोटातूनच वर जाई. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच दगड-मातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. त्या भिंतींवरचा विश्वास उडाला आणि घर म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब हे समीकरण या भागात पक्के झाले. जिनाही घराच्या बाहेरच्या अंगाला आला. त्यात सोय होती : वरचा मजला भाड्याने देता येतो आणि भाडेकरूची ये-जा घरातून होत नाही. पण पायऱ्या आता उघड्या उन्हात आल्या.

सजावटीच्या काँक्रीटची परंपरा मात्र जुनी आहे. आपण ज्याला मोझॅक म्हणतो तो इटलीतला टेराझो. संगमरवराचे उरलेले तुकडे चुन्यात, पुढे सिमेंटमध्ये बसवून घासायचे, ही त्याची मूळ कल्पना. स्वदेशीच्या वातावरणात १९२२ साली फेरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला आणि रंगीत सिमेंटच्या फरश्या इथेच बनू लागल्या. मरीन ड्राइव्ह परिसरातल्या ज्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांतले मोझॅकचे जिने अजून वापरात आहेत. आपल्याकडे बँका, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांतून मोझॅक गावोगाव पोचला.

शहाबादी किंवा ग्रॅनाइटची पायरी आधी घडते आणि मग जागेवर बसते. कोब्याची आणि मोझॅकची पायरी आधी बसते आणि मग जागेवरच घडते. म्हणून प्रत्येक पायरीला तिची वेळ, तिचे ऊन आणि तिचा वारा लागतो. एकाच हाताने केलेल्या अठरा पायऱ्या अठरा तऱ्हेच्या निघू शकतात त्या यामुळे.

आधी माप

खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत दहा फूट, म्हणजे ३०४८ मिमी उंची धरू. अठरा टप्पे केले तर प्रत्येक टप्पा सुमारे १६९ मिमी येतो. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची १९० मिमीपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल ठेवायची रुंदी २५० मिमीपेक्षा कमी नसावी. फ्रेंच वास्तुविद फ्रान्स्वा ब्लाँडेल याने सतराव्या शतकात घालून दिलेला ठोकताळाही अजून चालतो : उंचीची दुप्पट अधिक रुंदी ही बेरीज साठ ते पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास यावी. १६९ मिमी उंची आणि २८० मिमी रुंदी धरली तर बेरीज ६१८ मिमी येते. म्हणजे कागदावर जिना उत्तम आहे.

चूक कागदानंतर होते. सेंट्रिंग लावणारा कच्च्या स्लॅबपासून कच्च्या स्लॅबपर्यंत मोजतो आणि अठरा समान टप्पे पाडतो. नंतर खाली आणि वर, दोन्ही मजल्यांवर, मसाला आणि फरशी मिळून ६० मिमीचा थर बसतो. पायऱ्यांवर मात्र ३० मिमीचाच कोबा होतो. आता हिशेब करा. सगळ्यात खालचा टप्पा १६९ अधिक ३० वजा ६०, म्हणजे १३९ मिमी. मधले सगळे १६९. सगळ्यात वरचा १६९ अधिक ६० वजा ३०, म्हणजे १९९ मिमी. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात सहा सेंटिमीटरचा फरक पडला, आणि वरचा टप्पा संहितेच्या मर्यादेबाहेरही गेला.

जिना चढताना पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंची कळते. पुढे डोळे पाहत नाहीत, पाय तेवढाच उचलला जातो आणि पायरीच्या कडेवरून अगदी थोड्या अंतराने पुढे सरकतो. म्हणून अमेरिकेतल्या इमारत नियमांत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या पायरीत तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमच्या जिन्यात तो साठ मिमी आहे.

उपाय बिनखर्चाचा आहे. सेंट्रिंगच्या आधी दोन्ही मजल्यांच्या पक्क्या फरशीची रेघ पाण्याच्या नळीने भिंतीवर मारून घ्यायची. जिना त्या दोन रेघांमध्ये वाटायचा आणि त्यातून प्रत्येक थराची जाडी वजा करायची. एका सरळ लाकडी पट्टीवर अठराही खुणा करून तीच पट्टी प्रत्येक वेळी लावायची. एका पायरीवरून दुसरी मोजत गेले तर दर पायरीला दोन मिमीची चूकही वर पोचेपर्यंत छत्तीस मिमी होते.

खालचा थर

आपल्या काळ्या मातीचाही इथे विचार करावा लागतो. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बाहेरच्या जिन्याची पहिली पायरी किंवा ओट्याच्या पायऱ्या नुसत्या काळ्या मातीवर बसवल्या, तर वर्षभरात घर आणि पायरी यांच्यामध्ये फट पडते. कितीही वेळा सिमेंट भरले तरी ती पुन्हा उघडते. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून, मुरूम भरून, तो थराथराने ठोकून मगच पायरी घ्यावी. भिंत आणि पायरी यांच्यात सरळ सांधा मुद्दाम ठेवला तर तडा वाकडातिकडा जात नाही.

जिन्याचे मूळ काँक्रीट खालून वर ओततात, म्हणजे माल घसरत नाही. वरचा सजावटीचा थर मात्र वरून खाली घेतात, म्हणजे ओल्या पायरीवर कोणी पाय देत नाही. प्रत्येक पायरीचा उभा भाग आधी आणि आडवा नंतर.

हा थर धरून राहायचा तर जुन्या काँक्रीटला टाचे मारावे लागतात, धूळ धुवावी लागते आणि ते आदल्या दिवसापासून ओले ठेवावे लागते. थर टाकताना त्यावर पाणी साचलेले नको, पण पोटात ओल हवी. कोरडे काँक्रीट वरच्या मालातले पाणी ओढून घेते, आणि सगळीकडे सारखे ओढत नाही. पायरी जिथे तहानलेली होती तिथे नंतर डाग दिसतो. टाचे नसतील तर काही महिन्यांनी नाण्याने ठोकल्यावर पायरी पोकळ वाजते.

रंग कोरड्यातच ठरतो

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत ४० मिमीच्या मोझॅकचे वर्णन आहे. खाली १:२:४ काँक्रीटचा ३४ मिमीचा थर आणि वर ६ मिमीचा मोझॅक. वरच्या थरात सिमेंट तीन भाग आणि संगमरवराची भुकटी एक भाग, हे वजनाने. या मिश्रणाचे चार भाग आणि चिप्सचे सात भाग, हे मापाने. ही जाडी १ ते ४ मिमीच्या चिप्ससाठी आहे. ४ ते ७ मिमीच्या चिप्स असतील तर वरचा थर ९ मिमी, आणि ७ ते १० मिमीच्या असतील तर १२ मिमी. मोठी चिप पातळ थरात घातली की घासताना ती उपटून येते आणि खड्डा राहतो.

सिमेंटचा मूळ रंग कंपनीनुसार आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन खेपांतही बदलतो. म्हणून पूर्ण जिन्याला पुरेल इतके सिमेंट, रंग आणि भुकटी एकदाच, कोरडीच मिसळून, चाळून पोत्यांत भरून ठेवावी आणि रोज लागेल तेवढीच काढावी. रंग मुठीने घालू नये, तोलून घालावा. सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रंग घातल्याने तो गडद होत नाही, माल मात्र कमजोर होतो.

मालातले पाणी

सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी त्याच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी लागते. क्रियेतून तयार होणाऱ्या सूक्ष्म छिद्रांत अडकणारे पाणी धरले तर सुमारे ३८ टक्के. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला १९ लिटर. माल हाताळता यावा म्हणून २२ ते २५ लिटरपर्यंत जाणे समजण्यासारखे आहे. पण हाताने कालवताना बादली मोजली जात नाही. माल सरकत नाही म्हटले की आणखी एक तांब्या पडतो.

हे जादा पाणी कुठेतरी जायलाच हवे. त्यातले काही पृष्ठभागावर येते. आपण ‘पाणी सुटले’ म्हणतो तेच हे. अशा वेळी गवंडी घाईने वर सुके सिमेंट भुरभुरतो आणि थापी मारतो. पायरी त्या दिवशी आरशासारखी दिसते. पण वर एक पातळ, कमजोर कातडी तयार झालेली असते, आणि काही महिन्यांत तिची पूड किंवा पोपडे होतात. आमच्या बोटांना येणारी लाल पूड हीच होती. शिवाय जास्त पाण्याचा माल वाळल्यावर फिका दिसतो. सकाळच्या घमेल्यात एक तांब्या कमी आणि दुपारच्या घमेल्यात एक जास्त झाला, तर रंग मोजून घालूनही पायऱ्या दोन छटांच्या होतात.

थापीची वेळही पाण्यावरच ठरते. माल पसरून पट्टीने सारखा करावा, गुरमाळा फिरवावा आणि मग थांबावे. वरची ओली चकाकी गेली आणि अंगठा दाबल्यावर हलकाच ठसा उठू लागला की लोखंडी थापी घ्यावी. कडक होत आलेल्या मालावर जास्त घोटले की तो भाग काळपट होतो. म्हणून प्रत्येक पायरीला सारख्याच अवस्थेत आणि सारखेच हात द्यावेत. उन्हातली पायरी सावलीतल्या पायरीपेक्षा लवकर तयार होते, त्यामुळे घड्याळापेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवावा.

मालावरचे पाणी

आता सगळ्यात अवघड भाग. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस सतत ओले ठेवायचे. कोरड्या, तापलेल्या हवेत किमान दहा दिवस. आज बाजारात मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटसाठी चौदा दिवसांची शिफारस आहे. इथे ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारणे म्हणजे सतत नव्हे. दिवसातून दोनदा भिजून दोनदा वाळणारी पायरी मध्ये मध्ये उपाशी राहते.

स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येते. जिन्यावर ते थांबत नाही, घसरून खाली येते. वरच्या पायऱ्या कोरड्या राहतात आणि खालच्या भिजतात. पश्चिमेची बाजू दुपारी तापते, कठड्याखालची सावलीत असते. एकाच जिन्यावर असे चार हवामान नांदतात.

उन्हाचा जोर किती असतो? अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट असे सांगते की ताज्या काँक्रीटवरून दर चौरस मीटरला तासाला एक किलो पाणी उडू लागले की पृष्ठभागाला तडे जाण्याचा धोका असतो. अठरा पायऱ्यांचा, साडेतीन फुटी जिना, उभे-आडवे भाग मिळून सुमारे नऊ चौरस मीटर भरतो. म्हणजे त्या वेगाने तासाला नऊ लिटर. संपूर्ण थरात दोन-सव्वादोन पोती सिमेंट आणि पन्नास-साठ लिटर पाणी असते. हा वेग दिवसभर टिकत नाही, पण पहिल्या दोन-तीन तासांत काय हरवते याचा अंदाज यावरून येतो.

दुष्काळात आपण नेमके उलटे वागतो. घमेल्यात पाणी सढळ हाताने घालतो, आणि माल बसल्यावर पाणी नाही म्हणून हात आखडतो. खरे तर घमेल्यात वाचवलेले पाणी पायरीवर हवे असते. ते टिकवायला फार खर्चही लागत नाही. आपला भाग सोयाबीन आणि तुरीचा, त्यामुळे बारदाना घरोघर असतो. पोती आधी स्वच्छ धुवावीत, नाहीतर त्यांचाच डाग रंगीत कोब्यावर उतरतो. पृष्ठभाग कडक झाला की ती ओली करून प्रत्येक पायरीच्या उभ्या आणि आडव्या भागाला चिकटून बसवावीत आणि वरून प्लॅस्टिकचा कागद टाकून कडेला विटा ठेवाव्यात. प्लॅस्टिक थेट रंगीत मालावर टाकू नये. जिथे सुरकुती असेल तिथे रंगाचा पट्टा उठतो. झाकलेल्या पोत्यांतून पाणी उडत नाही, म्हणून पुन्हा ओली करायला थोडेच पाणी पुरते. कूपनलिकेचे जड पाणी पायरीवर वारंवार वाळले तर लोणा लागल्यासारखे पांढरे चट्टे येतात. पोती वाळू दिली नाहीत तर तेही कमी होते.

सगळ्यात चांगला उपाय मुहूर्ताचा आहे. जिन्याचा मूळ स्लॅब केव्हाही होवो, वरचा सजावटीचा थर दिवाळी ते संक्रांत या काळात घ्यावा. विहिरींना पाणी असते आणि ऊन सौम्य असते. कच्चा जिना काही महिने वापरल्याने काही बिघडत नाही.

घासाई आणि घसरण

मोझॅक हाताने घासायचा असेल तर दोन-तीन दिवसांनी आणि यंत्राने घासायचा असेल तर सात दिवसांनी सुरुवात करतात. आधी ६० नंबरच्या आसपासचा खरखरीत दगड. चिप्स सारख्या उघड्या पडल्या की धुऊन त्याच रंगाच्या सिमेंटची पातळ लापशी भोकांत भरायची, ती पुन्हा ओली ठेवायची, मग १२० आणि शेवटी ३२० किंवा त्याहून बारीक दगड. यंत्र कोपऱ्यात पोचत नाही. मधला भाग गुळगुळीत आणि कोपरे मळकट, असे जिने दिसतात त्याचे कारण हे. कोपरे आधी हाताने घासून घ्यावेत आणि मग यंत्र लावावे.

बाहेरच्या जिन्याला मात्र आरशासारखे पॉलिश करू नये. पहिल्याच पावसात तो घसरतो. १२० नंबरवर थांबावे, पायरीच्या कडेजवळ दोन-तीन खाचा ठेवाव्यात आणि पुढच्या बाजूला तीन मिमीचा उतार द्यावा. पाणी साचले नाही तर शेवाळ धरत नाही आणि डागही पडत नाही.

आमच्या जिन्याचे काय?

मापे घेतल्यावर एक समाधानाची गोष्ट लक्षात आली. खालचा टप्पा १३९, मधले १६९, वरचा १९९. सगळ्या पायऱ्यांवर सारखाच ३० मिमीचा नवा थर दिला तर खालचा टप्पा तीसने वाढतो, वरचा तीसने घटतो, मधले होते तसेच राहतात. अठराही टप्पे १६९ होतात. पूड होणारी कातडी तर काढावीच लागणार आहे. म्हणजे दोन्ही दुखणी एकाच थरात जातात. थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७२ किलो वाढेल, म्हणून जिन्याचा स्लॅब आधी इंजिनिअरला दाखवला. कठडाही तेवढाच वर घ्यावा लागेल.

या दिवाळीनंतर काम काढायचे ठरले आहे. मिस्त्रीला या वेळी मुदत दिलेली नाही. पोती धुऊन वाळत घातली आहेत, आणि पट्टीवर अठरा खुणा करून ती देवळीत ठेवली आहे. यंदा पणत्या जुन्याच पायऱ्यांवर लागतील. सगळ्यात वरच्या पायरीवर मात्र एकाऐवजी दोन ठेवणार आहोत, आईला तो टप्पा आधीच दिसावा म्हणून.